बाबांची सोपी आवृत्ती

गारांनी झोडपलेल्या मक्याकडे बांधावरून नुसतं बघून किती पीक गेलं हे सांगणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. सगळी नोकरी मी पीकविमा कंपनीत दुसऱ्यांचं नुकसान मोजण्यात घालवली. मिनेसोटाच्या आमच्या कोपऱ्यात लोक म्हणायचे, "ऑर्विन ट्वेट म्हणाला ना, मग तेवढंच गेलं असणार." ही बढाई नव्हे. आमच्याकडे कोणी बढाई मारत नाही. फार तर दुसऱ्याच्या तोंडून ती बाहेर पडेपर्यंत धीराने वाट बघतात. सांगायचं एवढंच, की अशा जाणत्या माणसाला एका हिरव्या बटणाने पार मातीत घातलं, आणि तेही आईच्या नव्वदाव्या वाढदिवशी, साऱ्या गावासमोर.

माझी आई, बोर्घिल्ड, कधी काही मागत नाही. तहान लागली तरी ती "आज हवा कोरडी आहे, नाही?" एवढंच म्हणते, आणि पाणी कोणी आणलं नाही तर हवेला दोष देते. त्यामुळे जानेवारीतल्या एका रविवारी जेवताना ती जेव्हा म्हणाली, "लाइलची ती कॅसेट अजून असेल का रे कुठे?" तेव्हा माझा आणि जॅनिसचा, म्हणजे माझ्या बायकोचा, काटा तोंडापाशीच थांबला.

लाइलकाका म्हणजे आईच्या बहिणीचा नवरा. शिकागोचा. फार वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात तो नवाकोरा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आमच्याकडे आला, आमच्या ओसरीवर तो तीन पायांच्या स्टँडवर उभा केला, त्याच्यासमोर स्वतःबद्दल भरपूर बोलला आणि मग कॅमेरा चालूच ठेवून तळ्यावर पोहायला निघून गेला. कॅमेऱ्यासमोर उरले आई आणि बाबा. दोघांमध्ये रिकामं पातेलं, पायाशी मटाराच्या शेंगांचा ढीग. लाइलकाका परत येईपर्यंत दोघं शेंगा सोलत बसले होते.

"त्यात ते बोललेत," आई म्हणाली.

"कोण?"

"तुझे बाबा. मला काहीतरी म्हणाले. छान म्हणाले होते. शब्द गेले बघ डोक्यातून. आवाजसुद्धा हल्ली नीट आठवत नाही." मग तिने ओव्हनमधून काढलेलं हॉटडिशचं भांडं जॅनिसकडे सरकवलं. "तू घे गं, गार होईल."

माझे बाबा, पामर ट्वेट, बोलत नसत. रागाने नव्हे, घुमेपणाने नव्हे. बोलण्यासारखं काही झालंय असं त्यांना वाटतच नसे. लग्नात पाद्रीबुवांनी विचारल्यावर त्यांनी नुसती मान डोलावली होती आणि पाद्रीबुवाही आमच्यासारखेच मूळचे नॉर्वेजियन, म्हणून तेवढ्यावर लग्न लागलं. अशा माणसाने आपणहून काहीतरी छान म्हटलं आणि ते कॅसेटवर आलं, म्हणजे काय चीज आहे ते तुम्हीच समजा. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा आवाज असलेली दुसरी कुठलीही वस्तू आमच्या घरात नव्हती.

मी आईला म्हणालो, "तुझ्या नव्वदीला चर्चच्या तळघरात मोठ्या टीव्हीवर दाखवतो. सगळे बघतील." मोठा टीव्ही मध्ये घालायला मला कोणी सांगितलं होतं? जॅनिसने टेबलाखालून लाथ मारली, पण उशीर झाला होता.

कॅसेट तळघरातल्या पेटीत सापडली. ती चालवायचं यंत्र मात्र गावात एकाच माणसाकडे होतं, ते म्हणजे आमच्या डाव्या हाताचा शेजारी ड्युएन. ड्युएन म्हणे सैन्यात रडारच्या खोलीत होता. तिथे तो रडार बघायचा की झाडू मारायचा, हे त्याने आजवर स्पष्ट केलेलं नाही. पण विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल त्याचं मत असतं आणि ते तयार असतं. त्याने यंत्र आणलं, तारा जोडल्या आणि कॅसेटवरचं सगळं माझ्या संगणकात उतरवलं. तिथवर सगळं सुरळीत झालं. मग कॅसेट मागे गुंडाळताना त्या यंत्राने घशातून एक आवाज काढला आणि आतली फीत शेवयांसारखी बाहेर ओकली. जागोजागी चुरगळलेली, दोन ठिकाणी तुटलेली, पुन्हा चालण्यापलीकडची.

"नशीबवान आहेस," ड्युएन म्हणाला.

"मी?"

"उतरवून झाल्यावर खाल्ली ना. आधी खाल्ली असती तर?"

आता बाबा फक्त माझ्या संगणकात होते, एका अवाढव्य फाइलमध्ये. ती चर्चच्या टीव्हीवर चालेल का, हे विचारायला मी उजव्या हाताच्या शेजारणीकडे गेलो. लावोनबाई. चर्चच्या तळघर समितीच्या त्या अध्यक्ष आहेत, चिटणीसही आहेत, आणि बाकीचे सभासद एकेक करून देवाघरी गेल्यामुळे बहुमतही त्याच आहेत. त्यांनी दार उघडलं, मला बसवलं आणि लिंबाच्या वड्यांची बशी पुढे केली.

"घे."

"नको नको, आत्ताच जेवलोय."

"अरे, एक तरी."

"नाही, खरंच नको."

"मग मी टाकून देऊ का?"

"बरं, एवढं म्हणताय तर लहानशी." आणि मी सगळ्यात मोठी उचलली.

आमच्याकडे हे असंच असतं. पहिले दोन नकार रीतीचे, ते कोणी मनावर घेत नाही. तिसऱ्यांदा विचारलं की माणसाने खरं बोलायचं. हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळतं. मध्यंतरी न्यूजर्सीहून एक पोस्टमास्तर इथे बदलून आला होता. त्याने आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावलं, आमचा पहिलाच नकार खरा धरला आणि बशा उचलल्या. सगळं गाव उपाशी घरी आलं. त्याचं इथे कधी जमलंच नाही.

वडी खाऊन झाल्यावर लावोनबाईंनी नियम सांगितले. फाइल लहानच पाहिजे, मोठ्या फाइलने टीव्ही अडकतो. फितीत दिसणाऱ्या प्रत्येकाची लेखी परवानगी पाहिजे.

"बाबांची कशी आणू?" मी विचारलं. "ते तुमच्याच दफनभूमीत आहेत."

"जवळच्या नातेवाइकाची सही चालेल."

"जवळची नातेवाईक आई. तिलाच तर हे दाखवायचंय."

"मग तिचीच सही आण. पण कशासाठी ते सांगू नकोस, मजा जाईल." आईला मी कधीच सांगून बसलो होतो, हे मी बोललो नाही.

लाइलकाका आता ॲरिझोनात असतो. त्याच्या परवानगीसाठी तिकडे फोन केला. परवानगी त्याने लगेच दिली. फोन ठेवायला मात्र दुपार गेली. मी कानाला लावलेला फोन हळूच टेबलावर ठेवून अंगणातला बर्फ लोटून आलो, तरी तो स्वतःच्या गुडघ्यांबद्दलच बोलत होता.

आता फाइल लहान करायची. त्यासाठी एक सॉफ्टवेअर लागतं, ते ड्युएनने माझ्या संगणकात घातलं. उघडताच पडद्यावर प्रश्न आला, "सोपं की प्रगत?" मी 'सोपं'कडे जात होतो, तर ड्युएनने माझं मनगटच धरलं.

"सोपं ते लोकांसाठी," तो म्हणाला.

"आणि मी कोण?"

"तू पीकविम्यातला माणूस. तुला कळतं."

स्तुतीला भुलून मी प्रगत दाबलं. पडद्यावर एवढ्या कळा, पट्ट्या आणि आकडे पसरले की माझा चष्माच धुरकटला. एकेका नावावर बाण नेला की खाली मदतीची ओळ यायची. 'कीफ्रेम अंतर' या नावावर बाण नेला, तर खाली आलं: 'दोन कीफ्रेममधील अंतर.' दुसऱ्या एका ठिकाणी लिहिलं होतं: 'हा पर्याय काय करतो हे ठाऊक नसल्यास बदलू नये.' अरे, ठाऊक नाही म्हणून तर तुझ्याकडे बघतोय ना! ज्याला ठाऊक आहे तो कशाला मदत वाचत बसेल? हे ज्याने लिहिलं तो आपल्या घरी पाहुण्यांना रस्ता कसा सांगत असेल, देव जाणे.

ड्युएनने बाह्या सरसावल्या. जी खेप बिघडायची ती तो लगेच पुसून टाकायचा. पहिल्या खेपेला फाइल होती त्याहून मोठी झाली. दुसऱ्या खेपेला चित्रावर फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा आल्या. लाइलकाकाने हात हलवला की त्याच्या हाताच्या चिरफाळ्या व्हायच्या. तिसऱ्या खेपेला रेघा गेल्या, पण आवाज मागे राहिला. लाइलकाका तोंड उघडायचा आणि त्यातून आमच्या तेव्हाच्या कुत्र्याचं भुंकणं बाहेर यायचं.

"हे चालेल की," जॅनिस स्वयंपाकघरातून म्हणाली. "मला तर त्याचं म्हणणं पहिल्यांदाच पटतंय."

ड्युएन पुढच्या भागाचा आवाज तपासायला निघाला. आई-बाबांचा भाग. मी धावत जाऊन आवाज बंद केला.

"अरे, काय करतोस? तपासायला नको?"

"ते आईचं आहे," मी म्हणालो. "तिने आधी ऐकायचं."

हे मी अगदी मनापासून म्हणालो आणि आजही त्याची मला लाज वाटत नाही. नवरा बायकोला शेंगा सोलताना काय म्हणाला, ते मुलाने चोरून ऐकायचं? आमच्याकडे शेजारच्या घरात भांडण लागलं तर आपण आपली खिडकी लावून घेतो. मी ते सगळं काम आवाज बंद करूनच केलं, आणि आई-बाबांचा भाग आला की पडद्यावरून नजरही काढून घेत होतो. एकदाच चुकून दिसलं. बाबांचे ओठ हलत होते. मी भरकन पुढे सरकवलं.

चौथ्या खेपेला ड्युएनने सगळं गुलाबी करून दाखवलं आणि "आता पाया पक्का झाला" असं म्हणाला, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी त्याला म्हणालो, "ड्युएन, आज जरा थंडी आहे, नाही?" आमच्याकडे याहून जास्त अपमान करत नाहीत. तो टोपी घेऊन निघून गेला आणि पुढचा आठवडाभर त्याने माझ्या अंगणाकडे पाठ करून आपला बर्फ लोटला.

वाढदिवस तोंडावर आला होता. लावोनबाई परवानगीचे कागद न्यायला आल्या आणि माझ्या पडद्यावरचा तो पसारा बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"हे विमान आहे का?"

"फिल्म लहान करायची आहे."

"मग 'सोपं' दाब ना. माझ्या नातवंडांच्या सगळ्या फिल्मा मी सोप्यानेच करते. तुम्हा पुरुषांना साधा दिवा लावायलासुद्धा आधी छप्पर उघडावं लागतं."

मी सोपं दाबलं. अहाहा! तो पसारा एका फटक्यात गेला. पांढराशुभ्र पडदा, मध्ये एक मोठं हिरवं बटण आणि त्याखाली लिहिलेलं: 'तुम्ही निवांत बसा. सगळं आम्ही बघतो.' सबंध आयुष्यात मला हे कोणी म्हटलं नव्हतं. कंपनी नाही, सरकार नाही, जॅनिस तर नाहीच. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मी बटण दाबलं आणि खरोखरच निवांत बसलो.

कॉफीचा पेला संपायच्या आत काम झालं. पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उधळले गेले. 'अभिनंदन! तुमची फिल्म आता अतिशय लहान झाली आहे!' लहानच तर हवी होती. मी सुरुवात लावून बघितली: लाइलकाका लख्ख, रेघा नाहीत, भुंकणं भलत्या तोंडातून नाही. पुढचं बघायचं नाही असं ठरलंच होतं. मी उठणार, एवढ्यात सॉफ्टवेअरने विचारलं, 'मूळ फाइल आता लागणार नाही. काढून जागा मोकळी करून देऊ?'

मी 'नको' दाबलं.

'नक्की? ती बरीच जागा अडवून बसली आहे.'

मी पुन्हा 'नको' दाबलं. खरंच नको होतं.

'आम्ही आनंदाने करून देऊ. करू ना?'

इथे माझा हात थांबला. कसं सांगू तुम्हाला? बिचारं तिसऱ्यांदा विचारत होतं. एवढं सगळं काम त्याने हू का चू न करता केलं होतं, आणि तिसऱ्यांदा कोणी एवढ्या आपुलकीने पुढे केलेलं नाकारणं आमच्या रक्तात नाही. मी चक्क मोठ्याने म्हणालो, "बरं, एवढं म्हणतोस तर," आणि 'हो' दाबलं. वर "त्रास दिला" असंही म्हणालो.

मार्चमधल्या त्या शनिवारी तळघर भरलं होतं. पातळ कॉफी, हॅमचे सँडविच, लावोनबाईंच्या वड्या, आणि पहिल्या रांगेत मधोमध आई, निळ्या पोशाखात, जाकिटाला बाबांनी दिलेला चांदीचा बिल्ला लावून. तो बिल्ला ती फक्त ईस्टरला लावते. तिने आपली खुर्ची टीव्हीच्या जवळ सरकवून घेतली होती. कोणाला मदत न मागता, स्वतः.

मी दिवे मालवले. फिल्म सुरू झाली.

लाइलकाका दिसला. बोलला. शिकागोतल्या वाहतुकीवर बोलला, स्वतःच्या गाडीवर बोलला, आणि त्याच्या मागे ओसरीवर आई-बाबा बसलेले दिसत होते, मध्ये रिकामं पातेलं. आई पुढे वाकली. लाइलकाका म्हणाला, "चला, मी पोहून येतो," आणि चौकटीतून बाहेर गेला. जाळीचं दार आपटलं. कुत्रं भुंकलं. बाबांनी खाली वाकून एक शेंग उचलली.

आणि पातेलं भरलं.

एका क्षणात. आत्ता रिकामं होतं, आत्ता काठोकाठ मटार. कुत्रं ओलं होऊन अंग झाडत होतं, लाइलकाका टॉवेल घेऊन परत आला होता आणि पाणी किती गार होतं यावर बोलत होता. ते सगळं होतं, एक शब्द कमी नाही. त्याच्या खांद्यामागे बाबा उठले, पातेलं उचललं आणि आत गेले. त्यांची पाठ दिसली. लाइलकाकाने आणखी एक विनोद सांगितला आणि फिल्म संपली.

मी दिवे लावले नाहीत. लावताच येईनात. ड्युएन अंधारात माझ्या शेजारी येऊन कुजबुजला, आठवडाभराचा अबोला विसरून.

"सोपं दाबलंस ना?"

मी मान डोलावली.

"सोप्यात ते कंटाळवाणा भाग आपोआप गाळतं. फारशी हालचाल नाही, मोठा आवाज नाही, की उडव. प्रगतमध्ये एक खूण काढली की ते बंद होतं. सोप्यात ती खूण दिसतच नाही. मी तुला म्हणालो होतो, प्रगतच..." तो मध्येच थांबला. "मूळ फाइल आहे ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. ड्युएनने टोपी काढली. तळघरात कोणी टोपी घालतच नाही, ती त्याच्या हातातच होती, तरी त्याने ती काढल्यासारखं काहीतरी केलं आणि दिवे लावायला गेला.

लोक उठले, एकेक करून माझ्याजवळ आले. "वेगळंच होतं हं, ऑर्विन," म्हणाले. आमच्याकडे घर जळालं तरी 'वेगळंच झालं' म्हणतात. लावोनबाई म्हणाल्या, "थोडक्यात आवरलंस, बरं केलंस. काही लोक फार लांबवतात." कोपऱ्यात कोणीतरी लाइलकाकाची तब्येत किती चांगली होती यावर बोलत होतं. मला त्या सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की बाबांची बोटं हलत होती, सबंध दुपार हलत होती. आणि त्या हरामखोर हिरव्या बटणाच्या लेखी ती हालचाल नव्हती, न् ते जे काही हळू बोलले तो आवाज नव्हता. पण मीच तर ते ऐकलं नव्हतं. काय होतं ते, मी कोणाला सांगणार? कुणाचं किती गेलं हे मी जन्मभर सांगत आलो, आणि माझं किती गेलं याचा मला अंदाजच नव्हता.

आई अजून खुर्चीतच होती. टीव्हीचा निळा पडदा तसाच चालू होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. मी जवळ जाऊन बसलो. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मधलं असेल ना रे तुझ्याकडे?"

"आहे ना, आई," मी म्हणालो. "घरी आहे. इथे चाललं नाही, एवढंच."

तिने मान हलवली. कॉफी संपवली, पेला बशीवर नीट ठेवला, बशीखालचा कागदी रुमाल घडी करून पर्समध्ये टाकला. मग उठली. मी तिचा कोट आणून मागे धरला.

"आहे ना नक्की?" पाठमोरीच ती म्हणाली.

"आहे, आई."

मी कोट धरून उभा राहिलो. तिसऱ्यांदा विचारलं की खरं बोलायचं, हे मला याच बाईने शिकवलं, लिंबाच्या वड्यांवरून, शेजाऱ्यांच्या दारात, माझा हात हातात धरून. तिने विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं. मी वाट बघत होतो.

तिने एक बाही घातली. मग दुसरी. गळ्याशी शेवटचं बटण तिला लागेना, ते मी लावून दिलं.

"बाहेर बर्फ वितळायला लागलाय," आई म्हणाली, आणि माझा हात धरून जिना चढू लागली.